अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल : धातूचा माग काढणाऱ्या वेटोळ्याची कथा

नांगरलेलें शेत म्हणजे काय, हें येरमाळ्याच्या परिसरांतील विद्यार्थ्यांस सांगावयास नको. उन्हाळी नांगरट झाली म्हणजे काळ्या जमिनीचीं ढेकळें उलथीं होऊन पडतात, आणि वर्षभर पोटांत ठेविलेलें पुष्कळ कांहीं जमीन बाहेर टाकते. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास येडेश्वरीच्या यात्रेंत हजारों यात्रेकरू येथील शेतांतून चुनखडीचे खडे वेचतांना आपण पाहतों. पांढरा खडा काळ्या मातींत डोळ्यांस दिसतो, म्हणून तो वेचतां येतो. परंतु जें वीतभर मातीखालीं आहे, तें कसें दिसावें?

हा प्रश्न आमच्या जिल्ह्यांत नुसता कल्पनेचा नाहीं. तेर हें गांव आपल्याच जिल्ह्यांतलें. तेंच प्राचीन तगर होय, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं सिद्ध केलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक ग्रंथांत, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या बाजारपेठेचें नांव आलें आहे. येथील कापड गाड्यांवरून भडोचच्या बंदरास जात असे. तेरणेच्या कांठच्या पांढरींत सातवाहनकालीन नाणीं, मणी व मातीचीं चित्रें सांपडत आलीं. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं अनेक वर्षें खपून तीं जमविलीं, आणि त्यांच्या नांवाचें संग्रहालय आज तेर येथें उभें आहे. अशा जमिनींत धातु शोधावयाचें यंत्र, ज्यास लोक मेटल डिटेक्टर म्हणतात, आतां पैसे देऊन कोणासही मिळूं शकतें. त्याच्या टोकास असतें तें तारेचें वेटोळें. या वेटोळ्याच्या साहाय्यानें मनुष्याच्या शरीरांतील धातु शोधण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न ज्यांनीं केला, त्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचें चरित्र आम्हीं यंदा आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों. बेल यांस सर्व जग टेलिफोनचे जनक म्हणून ओळखतें. परंतु त्यांच्या आयुष्यांतील अपयशाचा हा भाग विजयाच्या भागाइतकाच शिकण्यासारखा आहे, असें आम्हांस वाटतें.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजीं स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं झाला. त्यांचे आजोबा व वडील हे दोघेही शुद्ध उच्चार शिकविणारे शिक्षक होते. वडील मेलव्हिल बेल यांनीं 'दृश्य वाणी' या नांवाची एक लिपि तयार केली होती. तींतील प्रत्येक चिन्ह पाहून तो ध्वनि काढतांना जीभ, ओंठ व कंठ कोठें ठेवावे, हें कळत असे. आई एलायझा यांस ऐकूं फार कमी येई. तरी त्या पियानो उत्तम वाजवीत. इतर लोक त्यांच्या कानांतील नळींत मोठ्यानें बोलत. लहानगा अलेक्झांडर मात्र आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हलक्या, खोल स्वरांत बोले, आणि त्या स्वरांचे कंप आईस कळत. ध्वनि म्हणजे कंप, आणि तो कानावांचून दुसऱ्या वाटेनेंही मनुष्यापर्यंत पोंचूं शकतो, हा धडा त्यांस शाळेंत नव्हे, तर आईजवळ मिळाला.

मुलाचे हात स्वस्थ बसत नसत. एका सोबत्याच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. गव्हावरील फोल काढण्याचें काम तेथें जिकिरीचें होई. बेल यांनीं बाराव्या वर्षाच्या सुमारास फिरतें चाक आणि खिळ्यांचे ब्रश यांची सांगड घालून फोल काढणारें एक साधें यंत्र करून दिलें, आणि तें त्या गिरणींत कित्येक वर्षें चाललें.

पुढें या कुटुंबावर मोठें संकट आलें. धाकटा भाऊ एडवर्ड १८६७ सालीं आणि थोरला मेलव्हिल १८७० सालीं क्षयानें वारला. उरलेल्या एकुलत्या मुलाचीही प्रकृति ढासळूं लागलेली पाहून आईबापांनीं घरदार विकलें आणि १८७० सालीं तीं कॅनडांत ब्रँटफर्ड गांवीं राहावयास गेलीं. तेथील मोकळ्या हवेंत बेल यांची प्रकृति सुधारली. दुसऱ्याच वर्षीं ते अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं बहिऱ्या मुलांच्या शाळेंत शिक्षक म्हणून गेले. १८७३ सालीं बॉस्टन विश्वविद्यालयानें त्यांस वाणीच्या शारीरशास्त्राचे प्राध्यापक नेमिलें. जन्मभर, आपला धंदा कोणता असें विचारिलें असतां, ते स्वतःस बहिऱ्यांचा शिक्षक म्हणवीत. शोधकपणा त्यांच्या मतें दुय्यम होता.

त्यांच्या विद्यार्थिनींत मेबल हबर्ड नांवाची एक मुलगी होती. पांचव्या वर्षीं लाल तापानें तिची श्रवणशक्ति गेली होती. ११ जुलै १८७७ रोजीं बेल यांनीं तिच्याशीं विवाह केला. त्या गृहिणीनें पंचेचाळीस वर्षें त्यांचा संसार व त्यांचे प्रयोग दोन्ही सांभाळिले.

टेलिफोनची हकीकत बहुतेक वाचकांस ठाऊक असेल, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. दिवसा शिकवावें व रात्रीं जागून तारायंत्राचे प्रयोग करावे, असा बेल यांचा क्रम होता. थॉमस वॉट्सन हा कुशल कारागीर त्यांचा सोबती होता. ७ मार्च १८७६ रोजीं त्यांस टेलिफोनचें पेटंट मिळालें, आणि त्यानंतर तीनच दिवसांनीं दुसऱ्या खोलींत असलेल्या वॉट्सनला बोलाविण्याचे त्यांचे शब्द तारेवरून स्पष्ट ऐकूं गेले. एलिशा ग्रे या दुसऱ्या शोधकाचा कागद त्याच दिवशीं पेटंट कचेरींत पोंचला होता, ज्या दिवशीं बेल यांचा अर्ज पोंचला. त्यामुळें हक्कासंबंधीं पुष्कळ वर्षें दावे चालले, परंतु न्यायासनांनीं बेल यांचा हक्क कायम ठेविला. टेलिफोन इतका झपाट्यानें पसरला कीं १८८२ च्या जानेवारींत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथेंही टेलिफोनच्या कचेऱ्या सुरू झाल्या.

टेलिफोनमध्यें एक दोष आरंभापासून जाणवूं लागला. एका तारेवर बोलत असतां शेजारच्या तारेंतील तारायंत्राची टकटक कानीं येई. तारा एकमेकींस लागलेल्या नसत. तरीही एकींतील वीज बदलली कीं दुसरींत वीज उत्पन्न होई. यास प्रवर्तन म्हणतात, आणि तें मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं शोधून काढलें होतें. हा उपद्रव घालविण्यासाठीं बेल यांनीं दोन तारांतील परिणाम एकमेकांविरुद्ध उभे करून त्यांचा तोल साधण्याचे प्रयोग केले. ते करतांना त्यांस असें आढळलें कीं दोन वेटोळ्यांचा तोल पुरा साधला कीं टेलिफोन अगदीं मुका होतो. पण जवळ धातूचा तुकडा आणतांच तोल बिघडतो आणि टेलिफोन बोलूं लागतो. लंडन येथील डेव्हिड ह्यूज यांनीं १८७९ सालीं याच तत्त्वावर 'प्रवर्तनतुला' नांवाचें उपकरण केलें. सोनाराच्या तराजूंत गुंज टाकतांच पारडें हलतें, त्याप्रमाणें येथें धातु जवळ येतांच नाद उमटतो. म्हणून त्यास तुला हें नांव शोभतें.

या उपकरणाची परीक्षा पाहणारा प्रसंग लौकरच आला. २ जुलै १८८१ रोजीं वॉशिंग्टनच्या आगगाडीच्या स्टेशनावर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गीटो नांवाच्या एका भ्रमिष्ट मनुष्यानें पिस्तुलाच्या दोन गोळ्या झाडिल्या. एक गोळी दंडास चाटून गेली. दुसरी पाठींत उजव्या बाजूनें शिरून आंतच राहिली. गारफील्ड यांस अधिकारावर येऊन पुरे चार महिनेही झाले नव्हते. लांकडी झोंपडींत जन्मलेला, गरीब विधवा आईनें वाढविलेला, सुतारकी व मास्तरकी करून वर आलेला हा पुरुष लोकांस फार प्रिय होता. सारें राष्ट्र काळजींत पडलें. क्ष-किरणांचा शोध लागावयास अद्यापि चौदा वर्षें अवकाश होता. मुख्य डॉक्टर विलर्ड ब्लिस व त्यांचे सहकारी न धुतलेलीं बोटें व सळ्या जखमेंत घालून गोळी चांचपडूं लागले. जखम निर्जंतुक ठेवण्याची लिस्टर यांची पद्धति १८६७ सालीं प्रसिद्ध झाली होती. परंतु अमेरिकेंतील पुष्कळ वैद्यांचा तींवर विश्वास बसला नव्हता.

वर्तमानपत्रांतील हकीकत वाचून बेल यांच्या मनांत आलें कीं माणसाच्या देहांतील शिसें चाकूवांचून शोधतां येणें शक्य आहे. जुलैच्या मध्यास ते आपले सहकारी सम्नर टेंटर यांसह वॉशिंग्टन येथील प्रयोगशाळेंत रात्रंदिवस झटूं लागले. त्यांनीं मांडणी केली ती अशी. एका वेटोळ्यांत बॅटरीची वीज वारंवार तोडून सोडावयाची. दुसरें वेटोळें टेलिफोनास जोडावयाचें. आणि दोहोंची जागा अशी जुळवावयाची कीं टेलिफोनांत कांहींही ऐकूं येऊं नये. मग तीं शरीरावरून हळूहळू फिरवावयाचीं. जेथें गुणगुण ऐकूं येईल, तेथें खालीं धातु आहे. प्रथम त्यांनीं मुठींत गोळी लपवून परीक्षा घेतली. मग ओल्या कोंड्याच्या पोत्यांत आणि मांसाच्या तुकड्यांत गोळी ठेवून पाहिली. नंतर यादवी युद्धांत गोळी लागून ती अंगांतच राहिलेल्या जुन्या शिपायांवर प्रयोग केले. प्रत्येक परीक्षेनंतर वेटोळ्यांचा आकार, तारेची जाडी व वेढे बदलून पाहिले. ह्यूज यांचाही सल्ला तारेनें मागविला. शिसें हें तांब्याच्या मानानें विजेचें फारच मंद वाहक. म्हणून त्याची खूण क्षीण येते. शोध कठीण होण्यास हें एक कारण होतें.

२६ जुलै रोजीं बेल यांस रुग्णाच्या खोलींत नेलें. परंतु टेलिफोनांत सारखी एक करकर येत राहिली, आणि निश्चित कांहींच कळलें नाहीं. घरीं येऊन पाहतात तों घाईंत कंडेन्सर चुकीच्या रीतीनें जोडला गेला होता. तो दोष काढून १ ऑगस्ट रोजीं ते पुनः गेले. या खेपेस यंत्र ठीक चाललें होतें. उजव्या बाजूस एका विस्तृत जागेवर मंद नाद ऐकूं आला. पण गोळीसारख्या लहान वस्तूची खूण एका ठिकाणीं तीव्र व्हावी, तशी ती कोठेंच झाली नाहीं. मागाहून कळलें कीं केसांच्या गादीखालीं पोलादी तारांची दुसरी गादी होती. सर्व अपयश त्या गादीच्या माथीं मारण्याची रीत पडली आहे. परंतु बेल यांनीं तशीच गादी मिळवून प्रयोग केला, आणि तिच्यामुळें एवढा बिघाड होऊं नये, असें त्यांचें मत झालें.

खरें कारण पुढें दिसून आलें. गोळी उजव्या बाजूसच आहे, असा ब्लिस यांचा ठाम ग्रह होता, आणि शोध त्याच बाजूस करूं दिला गेला. ६ सप्टेंबर रोजीं गारफील्ड यांस समुद्रकांठीं एल्बरन येथें हलविलें, आणि १९ सप्टेंबरला, जखमी झाल्यापासून एकुणऐंशीव्या दिवशीं, त्यांचें देहावसान झालें. शवपरीक्षेंत गोळी पाठीच्या कण्याच्या डाव्या बाजूस, स्वादुपिंडाच्या मागें, खोल सांपडली. शरीरानें तिच्याभोंवतीं कवच करून तिला निरुपद्रवी केलें होतें. मृत्यु आला तो जखमेंत पसरलेल्या पुवामुळें. गोळीसाठीं जखमेंत बोटें घातलीं नसतीं, तर अध्यक्ष जगले असते, असें आजचे बहुतेक वैद्य मानतात.

बेल यांचें दुःख येवढ्यावर संपलें नाहीं. हे प्रयोग चालू असतांच १५ ऑगस्ट रोजीं त्यांच्या पत्नीस अकालीं पुत्र झाला. एडवर्ड हें नांव त्या बाळास मिळालें. परंतु श्वास नीट न घेतां आल्यामुळें कांहीं तासांतच तें गेलें. दुसरा एखादा मनुष्य अशा वेळीं हातपाय गाळून बसता. बेल यांनीं छातीभोंवतीं बसवावयाची एक धातूची पेटी तयार केली. तींतील हवा कमीजास्त करून श्वास न घेणाऱ्या मनुष्यास श्वास देण्याची ती योजना होती. पुढील काळांत पक्षाघातानें श्वास बंद पडलेल्या मुलांस जगविणारें जें लोखंडी फुप्फुस नांवाचें यंत्र निघालें, त्याचें हें पूर्वरूप होय. गोळी शोधण्याचें कामही त्यांनीं सोडलें नाहीं. टेलिफोनास जोडलेली एक बारीक सुई त्यांनीं केली. ती शरीरांत गोळीस लागतांच टेलिफोनांत टकटक होई. क्ष-किरण प्रचारांत येईपर्यंत शस्त्रवैद्यांस या सुईचा उपयोग झाला.

बेल यांचें वेटोळें मात्र रुग्णालयांत राहिलें नाहीं. तें रानांत गेलें. दुसऱ्या महायुद्धांत जोझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानें १९४१ च्या सुमारास स्कॉटलंडांत सुरुंग शोधणारें, हातीं धरून फिरवावयाचें यंत्र तयार केलें. काठीच्या टोकास वेटोळें व कानास टेलिफोन, असें त्याचें रूप होतें. १९४२ सालीं एल् अलामेनच्या लढाईंत त्यानें सैनिकांस वाट मोकळी करून दिली. कोसात्स्की यांनीं त्याचें पेटंट घेतलें नाहीं; तें त्यांनीं ब्रिटिश सैन्यास फुकट दिलें.

आज नांगरलेल्या शेतांत जे लोक असें यंत्र घेऊन फिरतात, त्यांस बेल यांचे तीनही धडे पदोपदीं उपयोगी पडतात. त्यांचें थोडें विवेचन करूं.

पहिला धडा खोलीचा. वस्तूचें अंतर दुप्पट झालें तर तिची खूण निम्मी होत नाहीं. ती त्याहून कितीतरी पटींनीं क्षीण होते. नाण्याएवढी वस्तु साधारणतः वेटोळ्याच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंतच ओळखूं येते, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. मग पंधरा इंची मोठें वेटोळेंच सर्वांत चांगलें, असें कोणी म्हणेल. तें खोल पाहतें व एका फेरींत अधिक जमीन व्यापतें, हें खरें. पण तें जड असतें, बारीक वस्तु त्यास कळत नाहींत, आणि दोन वस्तु जवळजवळ असल्या तर त्यांचा एकच गोंगाट होतो. सहा इंची लहान वेटोळें उथळ पाहतें. परंतु शेजारशेजारच्या वस्तु वेगळ्या करून दाखवितें. म्हणून मोकळ्या नांगरटीस बहुधा दहा-अकरा इंचांचें मध्यम वेटोळें पत्करतात, आणि जेथें खिळे, बैलांच्या नालांचे तुकडे, फाळाच्या कपच्या यांची दाटी असते, तेथें लहान वेटोळें लावतात. धसकटांतून व तासांतून फिरविण्यास लांबट आकार सोईचा पडतो.

दुसरा धडा असा कीं शोधिली जाणारी वस्तु व शोधणारें यंत्र यांच्यामध्यें जें कांहीं असेल तेंही बोलतें. रुग्णाच्या गादीचा संशय ज्या कारणानें आला, तेंच कारण शेतांत आहे. आमची काळी जमीन काळ्या पाषाणाची झीज होऊन झाली आहे, आणि तिच्यांत लोहाचे चुंबकी कण असतात. ते सर्वत्र मंद नाद उत्पन्न करितात. म्हणून आरंभींच यंत्राचा तोल त्या जमिनीशीं जुळवावा लागतो. दोन 'डी' अक्षरें एकमेकांवर थोडीं सरकवून ठेविल्यासारखीं ज्यांचीं आंतील वेटोळीं असतात, तीं अशा जमिनींत अधिक शांत चालतात. तीं जमिनींत उभ्या पात्यासारखा पट्टा पाहतात. एकाच मध्याभोंवतीं दोन वर्तुळें असलेल्या वेटोळ्याचें क्षेत्र खालीं निमुळतें होत जातें. वस्तूची नेमकी जागा सांगण्यास तें चांगलें, पण लोहयुक्त जमिनींत तें लौकर गोंधळतें. वेटोळें जमिनीस समांतर व शक्य तितकें खालीं ठेवावें लागतें. ताज्या नांगरटींत तें ढेकळांवर अडखळून वर उचललें जातें आणि तेवढी खोली वाया जाते. म्हणून कुळवाची पाळी होऊन, पाऊस पडून जमीन दबली व ओली झाली म्हणजे शोध चांगला होतो.

तिसरा धडा सर्वांत मोठा. वस्तु कोठें असावी हें अगोदरच ठरवून बसणारास ती सांपडत नाहीं. ब्लिस यांनीं अर्धा देह शोधण्यावांचून सोडला. शेतांत जो एका कोपऱ्यांत चार पावलें फिरून उठतो, त्याची तीच गत होते. दोरी धरून पट्टे आंखावे, प्रत्येक झोंका मागल्या झोंक्यावर निम्मा चढावा, एकदां तासांच्या बाजूनें व एकदां तासांस आडवें चालावें, आणि कोठें काय वाजलें हें लिहून ठेवावें, हीच खरी पद्धति होय. अमेरिकेंत लिटल बिगहॉर्न येथील १८७६ सालच्या रणभूमीवर १९८४ सालीं विद्वानांनीं अशाच रीतीनें शोध केला. प्रत्येक गोळीची जागा नकाशावर मांडिल्यावर, लढाई कशी हलत गेली हें त्यांस वाचतां आलें. गोळी उचलून खिशांत टाकली असती, तर शिशाचा तुकडा मिळाला असता आणि इतिहास गेला असता.

येथें आमच्या पालकवाचकांस एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हीं कर्तव्य समजतों. तेरसारख्या गांवच्या पांढरींत किंवा कोणत्याही शेतांत यंत्र घेऊन जुनीं नाणीं उकरणें, हा मुलांचा खेळ नव्हे. १८७८ च्या निधिविषयक कायद्याप्रमाणें जमिनींत दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरांस कळविणें बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यवहारावर निर्बंध घातले आहेत, आणि संरक्षित स्थळीं परवानगीवांचून खणणें हा गुन्हा आहे. नांगराच्या फाळानें वर आलेलें नाणें दिसलें, तर जागा लक्षांत ठेवावी, खणूं नये आणि वडीलधाऱ्यांमार्फत सरकारी अधिकाऱ्यांस कळवावें. सोनाराच्या मुशींत गेलेल्या नाण्यावरील राजाचें नांव पुनः कोणासही वाचतां येणार नाहीं.

या बाबतींत विलायतेंतील एक उदाहरण स्मरणांत ठेवण्यासारखें आहे. सफोक परगण्यांतील हॉक्सन गांवीं १६ नोव्हेंबर १९९२ रोजीं एक निवृत्त माळी आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शेतांत यंत्रानें शोधीत होता. त्यास चांदीसोन्याच्या रोमन वस्तु लागल्या. थोडें उकरतांच त्यानें हात आवरला व अधिकाऱ्यांस वर्दी दिली. पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं येऊन मातीचा थर जसाच्या तसा खणला, तेव्हां सुमारें १५,००० नाणीं व त्या पेटींतील वस्तूंची मूळ मांडणीसुद्धां हातीं आली. हातोडाही सांपडला, आणि तो आज त्या ठेव्यासह ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहांत आहे. शुभवर्तमानांतील शेतांत लपविलेल्या ठेवीचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. त्या मनुष्यानें ठेव चोरून नेली नाहीं. आपलें सर्वस्व विकून तें शेत विकत घेतलें. जी वस्तु मोलाची, तिचा मार्गही सरळ असला पाहिजे.

आतां बेल यांच्या उत्तरायुष्याकडे वळूं. १८८० सालीं फ्रान्सनें त्यांस व्होल्टा पारितोषिकाचे ५०,००० फ्रँक दिले होते. ते त्यांनीं प्रयोगशाळेस लाविले, आणि तींतून जो पैसा आला त्यांतून १८८७ सालीं बहिऱ्यांविषयींच्या ज्ञानाची एक संस्था स्थापिली. १८८६ सालीं एक पिता आपल्या आंधळ्या व बहिऱ्या मुलीस घेऊन त्यांच्याकडे आला. बेल यांनीं त्यास बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेची वाट दाखविली, आणि त्या वाटेनें ॲन सलिव्हन ही शिक्षिका त्या मुलीच्या घरीं आली. ती आली तो दिवस ३ मार्च १८८७, म्हणजे बेल यांचा चाळिसावा वाढदिवस होता. ती मुलगी म्हणजे हेलन केलर. १९०३ सालीं आपलें आत्मचरित्र तिनें बेल यांसच अर्पण केलें. पुढें बेल यांनीं मोठमोठे पतंग उडविले. त्यांच्या मंडळीनें केलेलें 'सिल्व्हर डार्ट' विमान २३ फेब्रुवारी १९०९ रोजीं कॅनडांत बॅडेक येथें उडालें. १९१९ सालीं त्यांच्या जलयानानें ताशीं सत्तर मैलांहून अधिक वेग गांठला.

थोर पुरुषांचे दोष झांकणें हें चरित्रकाराचें काम नव्हे. बहिऱ्यांनीं खुणांची भाषा सोडून ओठांनींच बोलावें, असा बेल यांचा आग्रह होता, आणि बहिऱ्यांचे आपसांत विवाह होऊं नयेत असेंही मत त्यांनीं १८८३ सालीं मांडलें. आज बहिरे लोक स्वतः सांगतात कीं खुणांची भाषा ही त्यांची खरीखुरी भाषा आहे, आणि या आग्रहामुळें त्यांच्या कित्येक पिढ्यांचें नुकसान झालें. ज्या पुरुषानें आपल्या आईच्या कपाळाशीं ओठ नेऊन तिच्यापर्यंत पोंचण्याची नवी वाट काढिली, त्यानेंच दुसऱ्यांची एक वाट बंद करावी, हें नवल खरें. ब्लिस यांनीं जसा देहाचा एक भाग शोधण्यावांचून सोडला, तसाच बेल यांनींही या बाबतींत एक भाग सोडला, असें म्हणणें प्राप्त आहे.

२ ऑगस्ट १९२२ रोजीं कॅनडांतील नोव्हा स्कॉशिया प्रांतीं, आपल्या डोंगरावरील घरीं, बेल यांनीं देह ठेविला. त्यांची बहिरी पत्नी शेवटपर्यंत त्यांचा हात हातीं घेऊन बसली होती. त्यांच्या दफनविधीच्या वेळीं उत्तर अमेरिकेंतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेविले गेले.

विद्यार्थिमित्रहो, टेलिफोनमुळें बेल यांस कीर्ति व धन मिळालें. गारफील्ड यांच्या शय्येशीं त्यांस निराशेवांचून कांहींच मिळालें नाहीं. परंतु त्या निराशेंतूनच सुई निघाली, श्वासाची पेटी निघाली, आणि हजारों सैनिकांचे प्राण वांचविणाऱ्या यंत्राची वाट मोकळी झाली. तुम्हीं परीक्षेंत, शेतांत किंवा कोणत्याही उद्योगांत शोध करीत असाल, तेव्हां यंत्र नीट जुळवा, जमीन ओळखा, आणि आपलें मत ज्या बाजूस नाहीं ती बाजूही एकदां अवश्य पाहा. दहा नाण्यांतील एक हरवलें तेव्हां त्या दृष्टांतांतील स्त्रीनें दिवा लावून सारें घर झाडिलें. अर्धें घर झाडून ती थांबली नाहीं, म्हणूनच तिला नाणें सांपडलें.